दोन टप्पे, एक श्वास

"झेरॉक्स, ट्रॅकसूट काढ. तू खेळतेयस."

कॅप्टन हे इतकं सहज म्हणाली की झेरॉक्सने आधी मागे वळून पाहिलं. मागे पाण्याच्या बाटल्या होत्या, दुसरं कुणी नव्हतं.

दोन्ही एकेरी सामने जिंकून संघाने लढत खिशात घातली होती. उरलेली दुहेरी नावापुरती. यादीत नाव संघातल्या सगळ्यांत धाकटीचं होतं, पण तिची मांडी आखडली आणि ऐनवेळी बदल करावा लागला. चार वर्षं झेरॉक्स देशाच्या टेनिस संघात होती आणि देशासाठी एकही चेंडू खेळली नव्हती. संघात पाच जणी. हॉटेलात दोघी-दोघींना एक खोली, पाचवीला एकटीला वेगळी. बाकीच्या म्हणायच्या, मजा आहे बाई हिची. ती एका पलंगावर झोपायची आणि दुसऱ्यावर रॅकेटची पिशवी ठेवायची, म्हणजे तो रिकामा दिसत नसे.

बाकावर बसून राहण्यासाठी तिला कुणी नेत नव्हतं, तिचं काम ठरलेलं होतं. समोरच्या संघात जी अव्वल असेल, तिचे व्हिडिओ बघून बघून हुबेहूब तिच्यासारखं खेळायचं. मग सरावात आपल्या नंबर एकने तिला धू धू धुवायचं. या खेपेला नक्कल करायची होती एका उंच मुलीची. सर्व्हिसआधी ती चेंडू पाच वेळा आपटायची, केसांची बट कानामागे सारायची आणि चेंडू जरासा डोक्यामागे उडवायची. झेरॉक्सचे केस बारीक कापलेले. तरी ती नसलेली बट सारायची आणि मैत्रिणी हसून लोळायच्या. आज नंबर एकने त्या उंच मुलीची सर्व्हिस चारदा मोडली. माइकसमोर आभार मानताना मालिशवालीपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. झेरॉक्सचं राहून गेलं. मुद्दाम नव्हे, आपलं राहून गेलं.

बुटांच्या नाड्या बांधताना तिला बाबा आठवले. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. लहानपणी ती दुकानाच्या मागच्या भिंतीवर खेळायची आणि बाबा डोळ्याला भिंग लावून आतूनच सर्व्हिस शिकवायचे. दोन टप्पे, एक श्वास आणि वर. तिसरा टप्पा ऐकू आला की आतून आवाज यायचा, "रेंगाळू नकोस." गेली चार वर्षं ते प्रत्येक लढतीला फोन टेबलावरच्या घड्याळाला टेकवून शेवटपर्यंत बघत. नंतर तिचा फोन जायचा, ती म्हणायची, "नाही, बाबा." ते म्हणायचे, "बरं. पुढच्या वेळी."

बाकावर फोनला बंदी होती, त्यामुळे आत्ता कळवता येत नव्हतं. पण कळवायचं कशाला, बाबा बघत असणारच. आनंदाच्या भरात ती जोडीदारणीच्याही आधी कोर्टवर धावली.

पहिली सर्व्हिस तिच्याकडेच आली. तिने टोपी खाली ओढली, चेंडू हातात घेतला. एक, दोन, तीन, चार, पाच. हात कानापाशी जाऊन आला. चेंडू जरासा मागे उडाला आणि असा काही सुटला की समोरची जागची हललीही नाही. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. पलीकडच्या बाकावर उंच मुलीने तोंडावरचा टॉवेल खाली घेतला आणि ती टक लावून बघत राहिली.

जोडीदारीण जवळ येऊन पुटपुटली, "अगं, पुरे. हरलीय बिचारी, चिडवू नकोस तिला."

झेरॉक्स चिडवत नव्हती. पुढच्या चेंडूला तिने मनाशी बजावलं, दोन टप्पे. दोन टप्पे झाले आणि हात थांबला. पुढे काय करायचं ते त्याला माहीतच नव्हतं. चेंडू वाकडा उडाला, जाळ्यात गेला. दुसराही गेला. चार वर्षांत तिने अकरा जणींच्या सर्व्हिस केल्या होत्या. त्या सगळ्या हाताला पाठ होत्या. तिने स्वतःची शोधली आणि ती कुठेच सापडेना. शेवटी तिने हाताला हवं ते करू दिलं. पाच टप्पे, बट, मागे चेंडू. सामना त्या दोघींनी तासाभरात जिंकला.

कपडे बदलायच्या खोलीत बाकीच्या गाणी म्हणत होत्या. ती कोपऱ्यात गेली आणि तिने फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"जिंकलात," बाबा म्हणाले. "शेवटच्या चेंडूपर्यंत बघितलं मी."

त्यांनीच बोलावं असं तिला वाटत होतं.

बाबा बोलत राहिले. चित्र बोटभर, बोलणारे परक्या भाषेतले, पडद्यावर नावं दिसत होती ती सकाळच्या यादीतलीच. टोप्यांखाली चेहरे काही दिसत नव्हते. "दुहेरीतल्या त्या एकीची सर्व्हिस मात्र छान होती," ते म्हणाले. "मला क्षणभर वाटलं, तूच. म्हणून टप्पे मोजले. पाच. म्हटलं, ही आपली नव्हे."

त्यांच्यामागे दुकानातली घड्याळं टिकटिकत होती.

"आजही नाही ना घेतलं तुला?"

दारातून कुणीतरी हाक मारली, झेरॉक्स, फोटोला चल, तुझ्यावाचून अडलंय.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी."