बाहेरचं पाणी

कोबाने कॅनमध्ये बोट बुडवलं, चाटलं आणि भावाकडे पाहिलं.

“कुठलं पाणी हे, रीनस?”

“समुद्राचं.”

“बांधाच्या कुठल्या बाजूचं?”

रीनस घोडीच्या मानेवरचे केस विंचरत होता. तो विंचरतच राहिला.

किनाऱ्याचा दिवस होता. थंडीभर तबेल्यात उभे असलेले घोडे आज समुद्रावर न्यायचे आणि त्यांचे पाय लाटांत धुवायचे. मग त्यांचा हिवाळा संपतो. नांगर जाऊन ट्रॅक्टर आले, तरी रेनेसे गावाच्या आसपासचे लोक घोडे नेतातच. सकाळी गावातले चाळीस घोडे रीनसच्या फाटकावरून गेले. त्याच्या घोडीने, नोराने, टापा ऐकल्या आणि ती फाटकाला छाती लावून उभी राहिली. घोडे दिसेनासे झाल्यावरही ती तिथेच होती. गवताला तिने तोंड लावलं नाही.

अठ्ठावीस वर्षांची घोडी. पुढचा गुडघा सुजलेला. डॉक्टरने सांगितलं होतं, अंगणात फिरू द्या, समुद्राच्या वाटेवरची वाळूची टेकडी आता विसरा. म्हणून रीनस तिला न नेता पिकअप घेऊन गेला होता आणि दुधाचे दोन जुने कॅन भरून आला होता. पाय तर आजच धुवायला हवेत. उद्या धुतले तर ती नुसती अंघोळ.

“आतल्या बाजूचं,” तो शेवटी म्हणाला. “तिथे पायऱ्या आहेत. आणि खारट आहे की. आत्ता चाखलंस ना?”

“खारट तर हेरिंग माशांच्या बरणीतलं पाणीही असतं. त्यात धू मग तिचे पाय.”

“कोबा, ऐक...”

“बांध घालून समुद्राचा तो तुकडा अडवल्यापासून ते पाणी कुठे गेलंय का? ना भरती, ना ओहोटी. पन्नास वर्षं जागचं हललेलं नाही. जे स्वतःच तबेल्यात उभं आहे, ते हिचा हिवाळा काय संपवणार?”

कोबा पलीकडच्या बेटावर राहते. या दिवसाला ती दरवर्षी बसने येते. मांडीवर खोकं, खोक्यात हिवाळाभर केलेली कागदी गुलाबं. ती एक्क्याऐंशीची आहे, भावापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि हे चार वर्षांचं अंतर तिने कधी कमी होऊ दिलेलं नाही.

“बाहेरच्या बाजूला लाटा आहेत,” रीनस म्हणाला. “दगडांवर शेवाळ आहे.”

“म्हणजे समुद्रावर जायला घोडी म्हातारी झालेली नाही. तू झालायस.”

रीनसने दोन्ही कॅन अंगणात उपडे केले आणि गाडीची किल्ली काढली. कोबा आधीच गाडीत जाऊन बसली होती.

बांधावर पश्चिमेचा वारा होता. आतल्या बाजूला पाणी पसरट आणि गप्प. बाहेरच्या बाजूला ते दगडांवर आपटत होतं. रीनस कॅन घेऊन एकेक दगड उतरला. कोबा मागून उतरली आणि तिने त्याचा कमरेचा पट्टा घट्ट धरला.

“सोड. लोक बघतायत.”

“बघू देत. तू पडलास तर मी घरी कशी जाऊ? मला ती गाडी चालवता येत नाही.”

पहिल्या लाटेने त्याच्या बुटांची टोकं भिजली. दुसरीने अर्धा कॅन भरला आणि दोन्ही बूट पूर्ण भरले. तिसरी थेट कोबाच्या गुडघ्यांपर्यंत आली. चर्चमध्ये चालणार नाही असा एक शब्द तिच्या तोंडून निघाला. रीनस हसायला लागला. हसताना त्याला कॅन धरवेना, म्हणून तोही तिनेच धरला.

ते परतले तेव्हा नोरा अजून फाटकापाशीच होती. कोबाने तिच्या आयाळीत गुलाबं विणली. लाल, पिवळी, पांढरी. रीनस वाकला आणि मगाने पाणी घालू लागला. आधी उजवा पुढचा पाय. घोडीच्या कातडीवरून एक शिरशिरी गेली. मग डावा, तो सुजलेला. तिथे तो जास्त वेळ थांबला. मागच्या पायांच्या वेळी नोराने आपणहून एकेक खूर उचलून दिला. शेवटी कॅनच्या तळाशी वाळू उरली, तर कोबाने तीही तिच्या खुरांवर ओतली.

“आता झालं?” रीनसने विचारलं.

कोबा काही बोलायच्या आत नोराचे पुढचे पाय दुमडले. मग मागचे. सगळं धूड धप्पकन खाली आलं.

रीनस तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. तो तिचं नाव घेत राहिला.

नोराने मान जमिनीवर घासली, एकदा फुरफुरली आणि लोळू लागली. समुद्रावर पाय धुतल्यावर घोडे वाळूत लोळतात तशी. पाठ चिखलात, चारही पाय आभाळात. गुलाबांचा चोळामोळा झाला.

तेवढ्यात गावातले घोडे समुद्रावरून परत आले. सगळ्यांत पुढे शेजारचा तरुण लिवेन होता. फाटकाशी त्याने घोडा थांबवला, तसे मागचेही थांबले.

“रीनसकाका,” त्याने हळूच विचारलं, “तिला उठवायला ट्रॅक्टर आणू का?”

नोरा एका कुशीवरून पार दुसऱ्या कुशीवर गेली आणि तिथून पुन्हा परत.

“कशाला?” रीनस म्हणाला. “तिचं अजून झालेलं नाही.”

लिवेन घोड्यावरून उतरला. मागचे स्वारही एकेक करून उतरले आणि ओल्या पायांचे घोडे धरून रस्त्यावर वाट बघत उभे राहिले.