तुळशीमागची कुंडी

नांदेडकडे जाणारी गाडी स्टेशनातून सुटली आणि तिच्या धडधडाटात नर्मदाबाईंनी धुरपताबाईंच्या फाटकाची कडी काढली. कडी भारी कुरकुरायची, म्हणून तर त्या गाडीसाठी थांबल्या होत्या. साठी उलटलेली बाई भर दुपारी शेजारणीच्या अंगणात चोरपावलांनी शिरते, हे कुणी पाहिलं असतं तर पूर्णेत महिनाभर दुसरा विषय निघाला नसता.

लिंबाखालच्या बाजेवर धुरपताबाई तोंडावर पदर घेऊन झोपल्या होत्या.

दोघींमध्ये अबोला होता. दोन संक्रांती त्यातच गेल्या. कारण म्हणाल तर एवढंसं. गल्लीतल्या एका बारशाला नर्मदाबाई चारचौघींत थट्टेनं बोलून गेल्या, "धुरपताचं अंगण म्हंजे माझीच चोरलेली बाग हाय." बायका हसल्या. धुरपताबाई हातातल्या घुगऱ्या तशाच ठेवून उठल्या आणि पुन्हा नर्मदाबाईंची पायरी चढल्या नाहीत.

खरं तर फुलझाडं चोरूनच न्यायची ही गल्लीची रीत. मागून आणलेली फांदी लागत नाही, मालकिणीच्या नकळत आणलेली हमखास लागते, यावर सगळ्या बायकांचं एकमत. एका खेपेला फांदी मात्र एकच. धुरपताबाई फांदी तोडायला आल्या की नर्मदाबाई स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत बसायच्या. एकदा तर त्यांचे मालक दिनकरराव यांनीच त्यांना दारातून मागं ओढलं होतं. "बाहेर जाऊ नको. धुरपताबाई जिरेनियम तोडायलीय. लागू दे तिच्याकडं बी."

ते जिरेनियम दिनकररावांनी आणलेलं. रेल्वेत गार्ड होते ते. सिकंदराबादहून येताना जेवणाच्या डब्यात, ओल्या रुमालात गुंडाळून आणलेली बोटभर फांदी. फूल फिकट गुलाबी, दुधात गुलकंद कालवावा तसं. गल्लीत बाकी सगळ्यांकडे लालच. दिनकरराव गेले, त्यानंतर नर्मदाबाई सकाळचा चहा त्या कुंडीजवळ बसून घ्यायच्या. दोन शब्द बोलायच्यासुद्धा तिच्याशी.

या उन्हाळ्यात धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी त्या लातूरला गेल्या. झाडांना पाणी घालायचं पुतण्या पप्पूनं कबूल केलं होतं, आणि पप्पूनं फक्त कबूलच केलं. काल परत येऊन पाहतात तर कुंडीत वाळकी काटकी. हात लावला तर कटकन मोडली. नर्मदाबाई तिथंच मटकन बसल्या. माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं त्यांना. मग केव्हातरी भिंतीपलीकडचं अंगण आठवलं.

आता त्या अंगणात जिकडं पाहावं तिकडं त्यांचंच सगळं होतं. आबोली त्यांची. गुलबक्षी त्यांची. कोपऱ्यातली पांढरी सदाफुलीसुद्धा. एवढ्या उन्हात सगळी कशी जिवंत ठेवली होती बाईनं! राग यायला हवा होता, पण आला नाही. माहेरची माणसं भेटावीत तसं बरं वाटलं.

जिरेनियमच्या कुंड्या पडवीच्या सावलीत ओळीनं मांडलेल्या होत्या. आणि तिथंच घोटाळा झाला. उन्हामुळं एकीलाही फूल नव्हतं. पानं सगळी सारखी. गोल, कातरलेल्या कडांची, मधोमध तपकिरी कडं असलेली. घाईघाईत चष्मा घरी राहिला होता. त्यांनी एक पान चुरगळून हुंगलं. दुसरं हुंगलं. वास तोच. तिसरं हुंगलं तर ओव्याचा भपकारा आला, तो पानओवा निघाला.

फांदी चुकली तर ते कळणार थेट फूल उमलल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढं. सगळ्यांची एकेक न्यावी तर ती चोरी कसली, दरोडाच की. नर्मदाबाईंना स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं झाडाशी बोलल्या, पण कौतुक केलं ते फुलाचं. पान कधी नीट पाहिलंच नाही. डोळे भरून आले आणि समोरच्या कुंड्या आणखीच सारख्या दिसायला लागल्या. शेवटी देवाचं नाव घेऊन त्यांनी मधल्या कुंडीतल्या फांदीला हात घातला.

"ते न्हाई गं."

नर्मदाबाईंचा हात तिथंच थबकला. त्यांनी वळून पाहिलं. धुरपताबाई बाजेवर तशाच आडव्या होत्या, तोंडावर पदर तसाच.

"ते लाल हाय, बाजारचं," पदराआडून आवाज आला. "दिनकररावाचं तुळशीमागं ठिवलंय. येगळं."

तुळशीवृंदावनामागं, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला एकच कुंडी होती. माती नुकतीच शिंपलेली. नर्मदाबाई तिच्यापुढं बसल्या. पानांवरून हात फिरवला, या वेळी एकेक पान पाहून.

"धुरपता," त्या कशाबशा म्हणाल्या, "अगं, त्या बारशाला मी..."

"गप तोड आन् जाय. माझ्याशी बोलू नको," पदराखालचा आवाजही आता भिजला होता. "मी झोपलेली हाय. जागी झाले तर फांदी लागायची न्हाई."