थट्टेचं नातं

“अजून मेला नाहीस का रे, बाजरीखाऊ?”

सिबेत म्हातारीने अंगणातून हाक दिली आणि सार्जंट लातीरच्या मागून चालणाऱ्या शिपायांत खसखस पिकली.

“आधी माझी गुलाम जाईल, मग मी बघतो,” लातीर म्हणाला. “भात खाऊन खाऊन किती जगणार आहेस?”

लातीर सेरेर, सिबेत जोला. आमच्या सेनेगलात या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे, आजे-पणजांपासूनचं. सेरेर जोलाला गुलाम म्हणतो, जोला सेरेरला. कितीही बोललं तरी रागवायचं नाही, आणि काही झालं तरी एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. सांडलं तर घर बसतं, असं आमच्याकडे शाळामास्तरसुद्धा मानतो.

त्या दिवशी नेमके कॅप्टन गेय सोबत होते. कॅप्टन राजधानीतले, इस्त्री मोडू न देणारे.

“सार्जंट, ही पलटण आहे की लग्नघर? शिपायांदेखत तुझा असा उद्धार होतो, मग तुझं ऐकायचं कोणी? तिला सांग, उद्यापासून हे बंद.”

लातीरने जाऊन सांगितलं. म्हातारी तांदूळ पाखडत राहिली.

लातीरचा आजा फ्रेंचांच्या फौजेत परमुलखात लढला होता. बाप सेनेगलचा झेंडा खांद्यावर लावून सरहद्दीवर उभा राहिला. लातीरच्या वाट्याला आली ही चिखलाची वाट. इकडे दक्षिणेत बंडखोरांशी चाललेली लढाई आता थकली होती, पण तिने पेरलेले सुरुंग जमिनीत तसेच होते. पलटण ते काढत भातखाचरांपर्यंत वाट मोकळी करत होती. पळून गेलेली माणसं हळूहळू परत येत होती, पलटणीचा डॉक्टर त्यांच्या पोरांना औषधं देत होता. लातीरला हे काम मनापासून आवडायचं. सिबेतचा मुलगा अंसु मात्र अजून रानात होता, बंडखोरांत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग अंगणापाशी आली, तशी म्हातारी सूप खाली ठेवून उभी राहिली. डोक्यावरचा रुमाल नीट केला.

“नमस्कार, सार्जंटसाहेब. तब्येत बरी आहे ना?”

“सुधारली की म्हातारी,” मागे कोणीतरी पुटपुटलं.

लातीरलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, त्याच्या खांद्यावरची फीत नवी होती. पुढची वाट त्यांनी कालच साफ केलेली, त्यामुळे सुरुंग शोधायच्या यंत्राची गरज नव्हती. तो आंब्याच्या झाडाकडे चालत राहिला.

आणि मग तिचा तो नमस्कार त्याला खटकला. ही बाई नवऱ्याला बधली नाही. पाद्र्याला बधली नाही. अख्खा गाव पळाला तेव्हा एकटी इथे बसून राहिली. ती माझं ऐकेल?

त्याने हात वर केला. रांग जागच्या जागी थांबली.

यंत्र फिरवल्यावर कळलं, सुरुंग आंब्याच्या मुळाशी होता, काल साफ केलेल्या वाटेच्या मधोमध, रात्रीतून पुरलेला. लातीर खाली बसला. त्याच्या मागे चालत होता तो शिपाई महिन्याभरापूर्वीच बाप झाला होता.

कॅप्टन आजही सोबत होते, आणि ते काही मूर्ख नव्हते. त्यांनी झाडाभोवतीचा चिखल पाहिला. अनवाणी पावलं झाडापासून निघून कुंपणाच्या कडेने सिबेतच्या मागच्या दारात गेली होती. परत आलेली नव्हती.

“पोरगा घरात आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “अंधार पडायची वाट बघत असणार. सरळ चालून गेलो तर मागच्या मागे खाडीत उतरेल, होडी तिथेच आहे. आम्ही काजूच्या बागेतून वळसा घालून खाडीची बाजू धरतो. तोवर तू एकटा जा, पाणी प्यायला म्हणून. तुमची ती थट्टा चालू कर. चांगली हसव तिला.”

“थट्टा कालच बंद केलीत तुम्ही, साहेब.”

“आज मीच चालू करतोय. आणि तो हत्यार उचलेल. उचललं, तर गोळी घालायची.”

माणसं वाकून बागेत शिरली. लातीर म्हातारीच्या अंगणाकडे परत निघाला. अंसु सुटला तर उद्या दुसऱ्या झाडाखाली सुरुंग पुरेल, आणि त्यावर कदाचित त्या नव्या बापाचा पाय पडेल. हे लातीरला कळत होतं. अंसु मेला तर ज्या बाईने आपला जीव वाचवला तिचं पोर आपण मारलं, तेही तिला हसवत. हेही कळत होतं. आजवर शंभर भांडणांत माणसं या थट्टेच्या आडोशाला येऊन वाचली होती. तिच्या आडून कोणी शिकार केली नव्हती. त्याला कॅप्टनांचा राग आला, अंसुचा त्याहून जास्त, आणि आपल्या नव्या फितीची लाज वाटली.

म्हातारी अंगणात होती. तो दिसताच तिचा चेहरा उजळला. डोळे ओले होते, पण तोंड तेच.

“आलास का रे, गुलामा? पाय अजून दोनच आहेत ना?”

लातीरच्या जिभेवर उत्तर तयार होतं. काजूच्या बागेत कुठेतरी वाळलेलं पान मोडलं. त्याने टोपी काढली आणि मान झुकवली.

“नमस्कार, आई. तब्येत बरी आहे ना?”