अर्धा पेला

श्रद्धांजली सभेच्या खुर्च्या भरत गेल्या तसे धाकटीचे हात गार पडत गेले. व्यासपीठावर थोरल्या जाऊबाईंचा फोटो, फोटोखाली फुलं, आणि फोटोला अगदी खेटून बसलेला ठेकेदार. पांढरेशुभ्र कपडे, मान खाली. जणू त्याच्याच घरचं माणूस गेलं होतं.

मघाशी त्याने तिला जिन्यात गाठलं होतं. "वहिनी, दोनच वाक्यं बोलायची. शाळेमागच्या मैदानावर ताईंच्या नावाने दुकानांची इमारत होतेय, घरच्यांना आनंद आहे. झालं." मग दोन पायऱ्या उतरून वळला. "पोराचं दुकान चौकातच ना? छान चाललंय. चालू दे."

याच मैदानासाठी थोरल्या बुलडोझरपुढे बसल्या होत्या. हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं. ठेकेदाराला तर जास्तच. बुलडोझर त्याचाच होता.

"काय गं, थंडी वाजतेय?" शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं.

"भीती वाटतेय."

"वाघिणीची जाऊ तू, आणि भीती? तोंडाला काही मी काज-बटण केलेलं नाही. बोल मोकळी."

वाघीण. सगळी वस्ती हेच म्हणायची. थोरल्या नगरसेविका झाल्या तेव्हापासून मोर्चा असो की सभा, बोलायला उठण्याआधी त्या मागे न बघता हात पुढे करायच्या, आणि धाकटी त्या हातात पाण्याचा पेला द्यायची. नेहमी अर्धाच. लोकांना वाटायचं, बाईंचा घसा कोरडा पडतो. पण त्या प्यायच्या कुठे? दोन्ही हातांत पेला घट्ट धरून बोलायच्या.

नाव पुकारलं गेलं. मनातल्या मनात देवाचा धावा करत धाकटी कशीबशी माइकपर्यंत पोचली. शेजारी कुणी नव्हतं. तिचाच हात पुढे झाला.

"पाणी मिळेल का?"

शिपायाने काठोकाठ भरलेला पेला आणून दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला मात्र, पाणी हिंदकळलं. बोटांवर सांडलं, टेबलावर सांडलं, ठेकेदाराच्या चकचकीत बुटांवर सांडलं. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"घाबरू नका, वहिनी," ठेकेदार गोड आवाजात म्हणाला. माइक चालू होता.

"घाबरलेच आहे," धाकटी म्हणाली. "थोरल्याही घाबरायच्या. प्रत्येक सभेत. बुलडोझरपुढे बसल्या तेव्हा त्यांचे दात वाजत होते, मी शेजारीच होते. कुणी वाघीण म्हटलं की चिडायच्या. म्हणायच्या, वाघिणीचं काय कौतुक, तिला कुठे कुणाची भीती असते?" तिने हातातल्या पेल्याकडे पाहिलं. "त्यांचे हात कापायचे. ते दिसू नये म्हणून त्या पेला धरायच्या. आणि पाणी सांडू नये म्हणून मी तो अर्धा भरायचे."

शिंपीणबाईंनी पदर तोंडाशी नेला.

ठेकेदार खाकरला. "वहिनी, ते इमारतीचं तेवढं..."

धाकटीने समोर पाहिलं. दाराशी तिचा मुलगा उभा होता, दुकानाच्या किल्ल्या मुठीत आवळून. तो मान हलवेल, हो किंवा नाही काहीतरी सांगेल, म्हणून ती क्षणभर थांबली. तो नुसताच तिच्याकडे बघत राहिला. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता.

"मैदान मोकळं राहू द्या," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "मोकळं राहू द्या. त्यांचं नाव कुठे नसलं तरी चालेल. आम्ही घरचे इमारतीला नाही म्हणतोय."

खुर्ची करकरली. ठेकेदार उठून उभा राहिला होता. धाकटीच्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, पण तिने पेला खाली ठेवला नाही.

हात अजून तसेच थरथरत होते. फक्त पेला आता अर्ध्यावर आला होता, आणि पाणी सांडायचं थांबलं होतं.