हेमंतची डावी मांडणी

मानवजातीने अखेर मृत्यूवर मात केली होती, निदान अंगठ्यापुरती. मोबाइलचा पडदा आता गेम खेळणाऱ्याच्या अंगठ्याची सवय शिकून घ्यायचा. मग त्याच्या बटणांच्या मांडणीवर दुसऱ्या कुणी अंगठा ठेवला, की पडदा तो हलकेच तसाच ओढत न्यायचा.

हेमंतला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षभर न वापरलेली मांडणी गेमची कंपनी पुसून टाकत असे. ती वाचवायची तर मेघनाला आज नवऱ्याच्या जागी गोळीबाराचा एक सामना खेळणं भाग होतं.

“आई, ही काय मांडणी आहे?” लेक ऋचा म्हणाली. “गोळी, उडी, लपणं, सगळी बटणं डावीकडे कोंबलीत. बाबा एका हाताने खेळायचे?”

“हो.”

“मग हरणारच ना.”

“उजवा हात माझ्या हातात असायचा त्याचा.”

मेघनाने डावा अंगठा टेकवला. पडद्याने तो हेमंतसारखाच, जरा घाईने, जरा तिरका ओढला. तिचा उजवा हात आपोआप शेजारी सरकला. ऋचाने तो धरला.

मांडणी वाचली. सामना मिनिटभरात संपला. त्या मांडणीवर आजवर कुणीही एकसुद्धा सामना जिंकलेला नव्हता.