भोंग्याचा दोर

मिल बंद पडून दोन वर्षं झाली, तरी सकाळचे सात वाजले की शरदरावांचा हात आपोआप वर जायचा. आयुष्यभर त्यांनी मिलचा भोंगा वाजवला होता. आता ते ओट्यावर उभे राहून हवेतलाच दोर ओढत. दोनदा लांब, एकदा आखूड, ही त्यांची खास लकब.

“काकाजी, मिल तो बंद हो गई!” समोरचा पोहेवाला हसायचा.

त्या दिवशी दोर ओढून झाला आणि थोड्या वेळाने शेजाऱ्यांकडे विक्रांतचा फोन आला. बापाची मिल गेल्यावर पोरगा दूर कोकणात मच्छीमार बोटीवर लागला होता.

“बाबा, धुक्यात आमच्या बोटी भटकल्या. किनाऱ्यावरची तटरक्षकांची चौकी लांबच्या बंदरात हलवलीय, वायरलेस तिथवर पोचेना. मग सातला भोंगा वाजला. दोनदा लांब, एकदा आखूड. त्या आवाजावर आम्ही ठीकठाक आलो. पण बाबा, इथे भोंगाच नाहीये.”

“सगळे आले?”

“एक बोट यायचीय.”

शरदरावांनी तळहात पाहिला. दोराचा ताजा वळ उठला होता, आणि तो ओला होता. शेजारी उभ्या त्यांच्या बायकोनं, सरोजिनीबाईंनी, वळाला बोट लावून जिभेवर टेकवलं.

“अहो, खारट आहे.”

शरदराव धावतच ओट्यावर आले आणि त्यांनी हात वर केला. आज दोर जड लागला. ओढता ओढेना.

सरोजिनीबाईंनी पदर खोचला आणि नवऱ्याच्या हातांखाली रिकाम्या हवेत मुठी आवळल्या. मुठीत ओला काथ्या आला.

दोराच्या पलीकडच्या टोकाकडून कुणीतरी हिसका दिला.