बाबांची जागा

नारेने सिंकखालचं दार उघडलं, टॉर्च लावला आणि आत डोकं खुपसलं. भिंतीलगत चार पाइप, एकेका खोलीला एकेक. बॉयलरचं गरम पाणी इथूनच फरशीखाली खेळायचं. घरभर फरशी तापत होती; तिच्या खोलीची तेवढी, ती माहेरी आल्यापासून, बर्फ. कोरियातल्या जेचॉनच्या थंडीत तान्ह्या हान्बीला ती छातीवर घेऊन झोपत होती.

"जुनं घर. पाइपात हवा धरली असेल," आतल्या खोलीतून बाबा म्हणाले. "तुझ्या सासरी बरं, नवी इमारत. पटकन तापतं."

"तिथं फरशीच्या आधी माणूस तापतो, बाबा."

"मग सोस थंडी. नाहीतर जा परत."

ओट्याशी आई मुळा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

हवा काढायला नारेने नळी बादलीत सोडली, हाताशी आलेले कॉक बंद केले आणि एकेक उघडायला घेतला. पहिला पाइप म्हाताऱ्यासारखा खोकला, शिंकला, मग काळं पाणी ओकला आणि हळूहळू निवळला. दुसरा तसाच. तिसराही. शेवटचा तिच्या खोलीचा, अगदी कोपऱ्यात. तिने चाचपडत हात घातला. कॉकला फिरवायची मूठच नव्हती. नुसता खुंट. आजूबाजूला सगळा गंज आणि त्या खुंटावरच्या स्क्रूवर ताजे, चकचकीत ओरखडे.

आईची सुरी थांबली होती.

"आई, मूठ कुठाय?"

आईने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग पुन्हा मुळ्याकडे.

नारे उठली. हात पुसले. खोलीत जाऊन तिने हान्बीला गादीसकट उचललं आणि बाबांपुढे जाऊन उभी राहिली. स्वयंपाकघराच्या भिंतीलगतची ती जागा घरात सगळ्यात उबदार. वर्षानुवर्षं तापून तिथला फरशीवर चिकटवलेला तेलकट कागद तपकिरी पडला होता. बाबांखेरीज तिथं कधी कुणी बसलं नव्हतं.

"जरा सरका, बाबा."

"आं?" ते गोंधळून उठलेच.

नारेने गादी तिथं अंथरली. हान्बी थोडी कुरकुरली. मग पाठीला ऊब लागली तशा तिच्या मुठी सुटल्या, एकेक बोट करत.

"आणि मी कुठं बसू?"

"माझी खोली मोकळी आहे ना." नारे लेकीशेजारी मांडी ठोकून बसली. "पाइपात थोडी हवा आहे, एवढंच."

बाबांचा हात स्वेटरच्या फुगलेल्या खिशाकडे गेला आणि तिथंच अडकला.

आई आत आली. तिने त्यांच्यापुढे लोकरीचे मोजे ठेवले आणि उरलेला मुळा चिरायला निघून गेली.